देवाची शांती : अंतःकरणाच्या वेशीवरील पहारेकरी

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस ४:१–९; मार्क ४:३५–४१ व ७:१४–२३; योहान १४:२७ व १६:३३; प्रेषितांची कृत्ये १६:१९–४०.

पाठाचा हेतू : विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणात झगडा उत्पन्न झाला असता ख्रिस्ताची शांती त्याचे रक्षण कसे करते आणि त्या कामी आपल्याकडे कोणते कर्तव्य येते, हे समजून घेणे.



आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक समजूत वारंवार आढळते. ती अशी की, बाप्तिस्मा झाला म्हणजे मनाचे सर्व झगडे मिटले. मग काही महिन्यांनी जुने भय परत येते, भावकी बोलेनाशी होते, प्रार्थनेत मन लागत नाही, आणि तो नवा विश्वासणारा स्वतःशी म्हणतो, “माझा विश्वासच खोटा असला पाहिजे.” कोणी लाजेने उपासनेस येण्याचे टाळतो, तर कोणी येतो, पण आतून पोखरला जातो. उपदेशकांनी अशा मनुष्यास प्रथम एक गोष्ट दाखवून द्यावी. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूचा बाप्तिस्मा आहे, आणि चौथ्या अध्यायाच्या आरंभीच अरण्य, उपास व सैतानाची परीक्षा आहे. स्वर्गातून वाणी झाली आणि लागलीच झगडा सुरू झाला. जे धन्यास चुकले नाही ते सेवकास कसे चुकेल? म्हणून झगडा उत्पन्न होणे हे विश्वास नसल्याचे चिन्ह नव्हे. ज्या घरात काही मोलाचे असते त्याच घरावर चोराची नजर असते.

१. शांती म्हणजे काय?

इब्री भाषेत शांतीस ‘शालोम’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ केवळ गडबड नसणे एवढाच नाही. पूर्णपणा, आरोग्य, कुशल, कोणाशी वैर नसणे, हे सर्व त्यात येते. स्मशानातही गडबड नसते, पण तेथे शालोम आहे असे कोणी म्हणणार नाही.

मार्काच्या चौथ्या अध्यायातील गोष्ट पाहा. तारू एकच, वादळ एकच आणि पाणीही तेच. त्याच तारवात शिष्य भयाने ओरडत आहेत आणि प्रभू उशीवर डोके टेकून निजला आहे. शांती जर हवामानावर अवलंबून असती तर त्या तारवातील सर्वांची स्थिती सारखीच झाली असती. तसे झाले नाही. यावरून उघड होते की, शांती पित्यावरील भरवशातून येते.

नाशिककरांस गोदावरीचा पूर नवा नाही. पूर किती चढला हे सांगताना लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवितात. पाणी मूर्तीच्या गुडघ्यास लागले, कमरेस लागले, गळ्यास लागले, असे ते माप असते. आपणही पुष्कळदा आपल्या शांतीचे माप असेच घेतो. आज संकट कमरेइतके आहे, म्हणून थोडी शांती आहे. उद्या ते गळ्याशी येईल, मग ती मुळीच राहणार नाही. प्रभूने मात्र पाणी किती चढले हे पाहावयास सांगितले नाही. घर कशावर बांधले आहे हे पाहावयास त्याने सांगितले (मत्तय ७:२४–२७). त्या दृष्टांतात पाऊस दोन्ही घरांवर पडला व पूर दोन्ही घरांस लागला. भेद दिसला तो पायात.

तरी येथे एक सावधगिरी ठेवावी. शांती म्हणजे दुःख न वाटणे असे कोणी शिकवू नये. प्रभूने शिष्यांस आपली शांती दिली ती रात्र कोणती होती? धरून दिले जाण्याची. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो अत्यंत कष्टी झाला, आणि प्याला टळून जावा म्हणून त्याने पित्याची विनवणी केली (मार्क १४:३३–३६). म्हणजे डोळ्यांत अश्रू असतानाही शांती असू शकते. ज्या बाईचे लेकरू मातीत गेले तिला “रडू नको, रडणे अविश्वास आहे” असे सांगणारा उपदेशक प्रभूपेक्षा अधिक कठोर होऊ पाहतो.

२. पहारा कोणाचा?

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनात पौल म्हणतो की, बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती विश्वासणाऱ्यांची अंतःकरणे व विचार ख्रिस्त येशूमध्ये राखील. ‘राखील’ ह्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो शिपायांच्या बोलण्यातला आहे. नगरात शिबंदी ठेवून वेशींवर पहारा करणे असा त्याचा अर्थ होतो. फिलिप्पै ही रोमी वसाहत असून तेथे रोमी सैन्यातील जुन्या शिपायांस जमिनी देऊन वसविले होते. तेव्हा हा शब्द त्या मंडळीस तत्काळ समजला असेल. शिवाय पौल हे लिहीत होता तो स्वतः बंदीत असताना. त्याच्यावर रोमी शिपायांचा पहारा होता, आणि त्या पहाऱ्याहून मोठा असा दुसरा पहारा आपल्या अंतःकरणावर आहे हे तो जाणून होता.

आमच्या गावांतही ही गोष्ट समजण्यास कठीण नाही. पूर्वी गावास वेस असे आणि वेशीवर येसकर असे. रात्री कोण आला, कोण गेला, ह्याची खबर त्याने ठेवावयाची; गावाने निजावयाचे व त्याने जागावयाचे. आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. ज्या गावाची वेस त्यांनी राखली त्या गावात त्यांस मानाची जागा मात्र नव्हती. त्या लेकरांनी हे वचन विशेष लक्ष देऊन वाचावे. ज्यांनी दुसऱ्यांच्या वेशी राखल्या त्यांच्या अंतःकरणाच्या वेशीवर आता स्वतः देवाची शांती उभी आहे. तो इस्राएलाचा राखणारा कधी डुलकी घेत नाही, असे १२१ व्या स्तोत्रात सांगितले आहे.

ह्यातून मोठा दिलासा मिळतो. आपण आपली शांती राखावयाची नसून ती आपणांस राखणार आहे. मग आपल्याकडे काय राहिले? पौल त्याच अध्यायात तीन गोष्टी सांगतो. सहाव्या वचनात प्रार्थना आहे, आणि तीही उपकारस्तुतीसह. आठव्या वचनात विचारांची निवड आहे : जे सत्य, शुद्ध व प्रशंसनीय आहे त्यावर मन लावणे. नवव्या वचनात आचरण आहे : जे शिकलो ते करीत राहणे. वेशीचे दार उघडून पहारेकऱ्यास आत घेणे एवढेच ह्या तीन गोष्टींचे काम आहे. जो प्रार्थना करतो, पण दिवसभर भावाच्या अपराधांची उजळणी करीत बसतो, तो पुढचे दार लावून मागचे दार उघडे टाकतो.

३. जलालपूरची कन्या

आता ह्याच नाशिक प्रांतातील एक उदाहरण घेऊ. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे १८६८ साली गोखले ह्यांच्या घरात एक मुलगी जन्मली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक ह्या नावाने महाराष्ट्रास ठाऊक झाली. त्यांनी लिहिलेले ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आमच्या पुष्कळ घरांत असेल; नसल्यास असावे.

लक्ष्मीबाईंच्या आजोबांस १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा ध्यास घेतला की, बाहेरून घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून त्यांस चालेना. त्या हट्टापायी सारे घर गांजून गेले. आपण त्या गृहस्थास हसू नये. त्यांच्या अंतःकरणास भयाची जखम झाली होती आणि ती बरी व्हावी म्हणून ते पाणी ओतीत होते. पण जखम आत होती आणि पाणी बाहेर पडत होते. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने हेच शिकविले आहे : मनुष्यास जे विटाळविते ते बाहेरून आत जात नाही, ते आतून बाहेर येते. बाहेरून कितीही पहारा ठेवला तरी आतील भयास तो अडवू शकत नाही.

अकरा वर्षांच्या सुमारास लक्ष्मीबाईंचा विवाह नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाला. टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आईच्या मृत्यूनंतर ते घर सोडून नाशिकास आले व तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांनी विद्या केली. पुढे पोटासाठी अनेक गावे हिंडत असता त्यांचे मन मात्र सत्याचा शोध करीत होते. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही बातमी पंढरपुरास लक्ष्मीबाईंच्या कानी आली, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. १८९१ साली जन्मलेला दत्तू पदराशी. पती जिवंत, पण धर्म व जात ह्यांनी दूर गेलेला. त्यांची प्रकृती ढासळली आणि आप्तांस त्यांची चिंता लागली. इकडे टिळकांस प्रभू मिळाला होता, पण घर तुटले होते. दोघांच्याही जिवास घोर झगडा करावा लागला. ‘आपल्यामुळे एक निरपराध जीव दुःखात पडला’ हे शल्य नव्या विश्वासणाऱ्यास किती बोचते, हे आमच्यापैकी ज्यांनी घर सोडले त्यांस सांगावयास नको.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीजवळ अहमदनगर प्रांतात राहावयास आल्या. पण त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. पुढे राहुरीस असता जातिभेद देवाने केला की मनुष्याने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहिला, आणि विचार करता करता तो मनुष्याने केला असा त्यांचा निश्चय झाला. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्यांस अडचण उरली नाही. पुढे १९०० साली राहुरी येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या चरित्रातून आम्ही तीन धडे घेतो.

पहिला : ज्या घरात धुण्याने शांती आली नाही त्याच घरच्या कन्येस विटाळाची कल्पनाच सोडून दिल्यावर मोकळेपणा लाभला. येशूने मनुष्य व मनुष्य ह्यांमधील भिंत पाडली आहे (इफिसकरांस २:१४). जो विश्वासणारा मनात अजून ती भिंत ठेवतो, मग तो आपणांस उच्च समजो की नीच, त्याची शांती अर्धीच राहील.

दुसरा : शांतीस वेळ लागला तरी ती खोटी ठरत नाही. १८९५ पासून १९०० पर्यंत पाच वर्षे गेली. आमच्या मंडळीतील एखाद्याची पत्नी किंवा आईबाप अद्याप दूर असतील, तर त्याने त्यांस वादाने जिंकू पाहू नये. प्रीतीने वागावे व वाट पाहावी.

तिसरा : बाप्तिस्म्याने स्वभाव एका रात्रीत पालटत नाही. टिळकांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात झाकून ठेवला नाही, आणि त्यांचे औदार्यही झाकले नाही. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे चालविण्याचे ओझे शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्याच बाईने उचलले. १९३६ साली त्यांचा अंत झाला. जिने एकदा पतीच्या धर्मापायी आपले सर्वस्व गेले असे मानले होते, तिनेच त्या पतीचे ख्रिस्तचरित्र पुढे नेले. देवाच्या शांतीने एवढी मजल गाठली.

४. शंकांचे वादळ

काहींचा झगडा घरच्या लोकांशी नसून आपल्याच बुद्धीशी असतो. “हे सर्व खरे कशावरून?” हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. अशांनी नीलकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचे स्मरण करावे. ह्यांचा जन्म १८२५ साली झाला व ते काशीस वाढले. ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी पाद्र्यांशी वाद आरंभिला, आणि त्या अभ्यासातूनच ते ख्रिस्ताकडे वळून १८४८ साली जौनपूर येथे नहेम्या हे नाव घेऊन बाप्तिस्मा पावले. एवढा मोठा पंडित. त्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंच्या विश्वासावर परिणाम झाला. तथापि शंका व टोचणी ह्यांनी त्यांस आयुष्यभर सोडले नाही. तरी त्यांनी प्रभूस सोडले नाही. शंका आली की अभ्यास करावा, प्रार्थना करावी, आणि नेमून दिलेले काम करावे, असा त्यांचा क्रम १८९५ साली मुंबईत देह ठेवीपर्यंत चालला.

ह्या शंकाग्रस्त बापाची कन्या एलन लक्ष्मी गोऱ्हे हिने प्रभूच्या सान्निध्यातील गुप्त विसाव्याविषयी इंग्रजीत एक गीत रचले आणि ते दूरदेशींच्या मंडळ्यांत गाइले गेले. बापाने वादळ सोसले, मुलीने विसाव्याचे गाणे गाइले. एकाच घरात दोन्ही होते, आणि दोघेही एकाच प्रभूचे होते. म्हणून शंका येणाऱ्या बंधूस उपदेशकाने धर्मभ्रष्ट समजू नये. आपल्या अविश्वासास साहाय्य कर, अशी विनवणी करीत आलेल्या बापास प्रभूने परत पाठविले नाही. त्याच्या मुलास बरे केले (मार्क ९:२४–२७).

५. शरणपूरचा एक मुलगा

नाशिकातील शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने वसविली. ज्यांस धर्मापायी गाव सोडावे लागे त्यांस तेथे आश्रय मिळे. नावही तसेच आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकेतील मुलेही येथे आणून शिकविली जात. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. १८७२ साली येथे शिकलेले काही तरुण डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या साहाय्यास आफ्रिकेत पाठविले, त्यांत तो होता.

१८७३ साली लिव्हिंग्स्टन साहेब आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले. आता त्या माणसांस कोणी आज्ञा देणारा राहिला नाही. शव तेथेच पुरून ते निघून गेले असते तर कोणी विचारणार नव्हते. परंतु त्यांनी धन्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, जेकबाने प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली व झाडावर नाव कोरले. आणि मग सुशी व चुमा ह्यांच्या पुढारीपणाखाली त्या सर्वांनी ते शव रोग व भय सोशीत हजार मैलांहून अधिक अंतर चालून समुद्रकिनारी पोचविले. ता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडन येथील वेस्टमिन्स्टर अॅबे ह्या मंदिरात दफन झाले, तेव्हा जेकब तेथे हजर होता.

त्या अरण्यात त्याच्या मनाची स्थिती काय होती हे आम्ही सांगू शकत नाही. त्याची कृती मात्र जगापुढे आहे. पाय डळमळू लागले असता ठरलेली प्रार्थना वाचावी आणि समोरचे कर्तव्य करावे. पुष्कळदा शांती आधी येऊन मग काम सुचते असे होत नाही. काम करीत असतानाच ती येऊन सोबत चालू लागते.

६. गावातील शत्रू आणि त्यांवरील उपाय

(अ) भय. घरात आजार आला म्हणजे शेजारी म्हणतात, “देव सोडले म्हणून हे झाले, भगताकडे चला.” मन डगमगते. अशा वेळी दोन कामे एकदमच करावी : आजाऱ्यास दवाखान्यात न्यावे आणि मंडळीस प्रार्थनेस बोलवावे. औषध घेणे हा अविश्वास नव्हे; लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४). आजार हा सूड आहे असे मानणे मात्र पित्याच्या प्रीतीवर आळ घेणे होय.

(आ) तंटा. शांतीचे ते प्रसिद्ध वचन ज्या अध्यायात आहे त्याच्या आरंभीच युवदीया व सुंतुखे ह्या दोन बायांस एकचित्त होण्याची विनंती आहे. पौलाने आधी भांडण मिटविण्यास सांगितले, मग शांतीचे वचन लिहिले. जो आपल्या भावाशी बोलत नाही त्याने अंतःकरणाच्या शांतीसाठी उपास करण्याआधी त्याच्या दारी जावे.

(इ) जुन्या पापाची टोचणी. पाप कबूल करून सोडले असता ते क्षमा झाले (१ योहान १:९). त्यानंतरही मन दोष देत राहिले, तर देव आपल्या मनाहून मोठा आहे हे वचन हाती धरावे (१ योहान ३:२०). कोणाची हानी केली असेल तर ती भरून द्यावी. जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी पैसेही परत निघाले.

(ई) थकवा. हे विशेषेकरून उपदेशकांसाठी आहे. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवाने त्यास प्रथम रागे भरले काय? नाही. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोप दिली. मग बोलणे केले (१ राजे १९). जो गावोगाव चालतो, सर्वांचे ऐकतो आणि स्वतः उपाशी निजतो, त्याचा पुष्कळसा विषाद शरीराचा असतो. त्याने विसावा घ्यावा. एखाद्याचा विषाद महिनोगणती जात नसेल, झोप व अन्न सुटले असेल, जीव नकोसा झाला असेल, तर त्यास एकटे सोडू नये. प्रार्थनेबरोबरच डॉक्टरास दाखवावे. ताप आलेल्यास आपण जसे नेतो तसेच हे आहे, आणि त्यात लाज नाही.

७. खोटी शांती

शेवटी एक इशारा. यिर्मयाने अशा संदेष्ट्यांस दोष दिला की, शांती नसताना ते शांतीचा घोष करीत व लोकांची जखम वरवर बांधीत (यिर्मया ६:१४). “शांत राहा” हा उपदेश अन्याय झाकण्यासाठी कोणी करू नये. फिलिप्पै नगरातच काय झाले ते पाहा. पौल व सीला ह्यांस फटके मारून खोड्यात घातले. मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते. ही शांती होय. पण सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांस गुपचूप सोडून देऊ केले, तेव्हा पौल म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीवाचून आम्हांस मारले. त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावे. हीही शांतीच होय. ज्याचे अंतःकरण राखलेले असते तोच सूडावाचून आपला हक्क मागू शकतो. कोणी पाणी अडविले, जमीन बळकाविली, बायकोस मारहाण केली, तर सहन करणे हीच एक ख्रिस्ती वाट आहे असे नाही. कायद्याचा आश्रय घ्यावा. मात्र जिभेवर शिवी व मनात द्वेष घेऊन जाऊ नये.

आठवड्याचे वाचन

रविवार : फिलिप्पैकरांस ४:१–९. सोमवार : स्तोत्र ४२. मंगळवार : मार्क ४:३५–४१. बुधवार : १ राजे १९:१–१८. गुरुवार : योहान १४. शुक्रवार : प्रेषितांची कृत्ये १६:१९–४०. शनिवार : स्तोत्र १२१.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. बाप्तिस्म्यानंतर परीक्षा येते ह्याचे नवल का वाटू नये?
२. एकाच तारवात प्रभूची व शिष्यांची स्थिती निराळी का होती?
३. फिलिप्पैकरांस ४:६–९ ह्यांत आपण करावयाच्या कोणत्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत?
४. बाहेरच्या धुण्याने आतील भय का जात नाही?
५. ह्या आठवड्यात मला कोणाच्या दारी जाऊन समेट केला पाहिजे? (ह्याचे उत्तर प्रत्येकाने मनात द्यावे.)

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या मनाच्या वेशी पडक्या आहेत आणि आम्ही जागून जागून थकलो आहो. तू आपली शांती तेथे उभी कर. आमचे भय तुला ठाऊक आहे, आमच्या शंकाही तुला ठाऊक आहेत. त्यांमुळे आम्हांस टाकू नको. ज्यांनी तुझ्यासाठी घर सोडले त्यांस घर दे. ज्यांचे प्रियजन दूर आहेत त्यांस धीर दे. थकलेल्या उपदेशकास भाकर व झोप दे. आणि आम्ही ज्यांस दुखविले त्यांच्या दारी जाण्यास आमच्या पायांस बळ दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.